विशेष शिक्षकांचं मत हवं, पाठपुरावा नको

विशेष शिक्षकांनी, म्हणजे अपंग मुलांना शिकवणाऱ्यांनी, एआय मॉडेलं (प्रश्नांना उत्तरं देणाऱ्या संगणकीय यंत्रणा) घडवण्याची कंत्राटी कामं घरबसल्या घ्यावीत की नाही, हा वाद सध्या ज्या तऱ्हेनं चाललाय त्यातून काहीही हाती लागणार नाही. एक बाजू थेट गद्दारीचा आरोप करते: ज्या मुलांसाठी हयात घालवली त्यांनाच यंत्राच्या हवाली करताय, आणि वर स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेताय. दुसऱ्या बाजूचा सूर 'त्यात काय एवढं' असा. शाळा सुटल्यावर कोणी चार पैसे जास्तीचे मिळवले तर बाकीच्यांच्या पोटात का दुखावं? पहिल्यांना शिक्षकानं संत असावं असं वाटतं, दुसऱ्यांना शिक्षक म्हणजे तासाच्या हिशेबानं मिळणारं मनुष्यबळ वाटतं. या कामात शिक्षकाकडून नेमकं काय घेतलं जातं, हे मात्र दोघंही विचारत नाहीत.

माझी भूमिका अशी आहे. हे काम करण्यात काही गैर नाही. उलट ते विशेष शिक्षकांनीच करायला हवं. पण आज ते ज्या अटींवर करून घेतलं जातं त्या अटी विशेष शिक्षणाच्या मुळावर येणाऱ्या आहेत. शिक्षकाचं मत घेतलं जातं, आणि त्या मताचं पुढे काय झालं हे पाहण्याचा, ते बदलण्याचा, चुकलं असेल तर मागे घेण्याचा हक्क मात्र करारातच नाकारला जातो. इतर काही विषयांत हे चालून जाईल. विशेष शिक्षणात पाठपुराव्याविना दिलेलं मत हा निव्वळ अंदाज असतो.

आधी कामाचं स्वरूप पाहू, कारण टीका करणाऱ्यांपैकी अनेकांना ते ठाऊक नसतं. शिक्षकाला सांगितलं जातं की तुमच्या अनुभवातला एखादा अवघड प्रश्न लिहा. समजा, नऊ वर्षांचा स्वमग्न मुलगा आहे, एक काम संपवून दुसऱ्याकडे वळायची वेळ आली की हाताला लागेल ते फेकतो, काय करावं? मग त्या प्रश्नाचं आदर्श उत्तर लिहायचं, किंवा उत्तर तपासण्याचे निकष ठरवायचे, ज्याला तिथे रुब्रिक म्हणतात. वर्तनाच्या आधी काय घडलं हे उत्तरात विचारलं असेल तर इतके गुण, शिक्षा सुचवली असेल तर इतके वजा. कधी मॉडेलची दोन उत्तरं शेजारी शेजारी ठेवलेली असतात. त्यातलं बरं निवडायचं आणि कारण द्यायचं. अशा हजारो निवडींवरून मॉडेलला चांगलं आणि वाईट कशाला म्हणायचं ते शिकवलं जातं. शिक्षक कंपनीचा नोकर नसतो, तासांची हमी नसते, प्रकल्प एका सकाळी अचानक थांबतो. गोपनीयतेच्या करारावर सही असते, आणि आपण घडवतोय ती वस्तू शेवटी कुणाच्या हाती जाणार हे बहुतेकदा सांगितलंच जात नाही.

आता समोरच्यांचे मुद्दे. पैशाचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. अमेरिकेत १९७५ साली अपंग मुलांच्या शिक्षणाचा कायदा झाला तेव्हा दर अपंग मुलामागे देशातल्या सरासरी विद्यार्थी-खर्चाच्या ४० टक्क्यांपर्यंत रक्कम केंद्र सरकार देईल असं आश्वासन होतं. ते आजवर एकदाही पुरं झालेलं नाही. सरकारनंच शब्द पाळला नाही तिथे संध्याकाळी जोडकाम करणाऱ्या शिक्षकाला त्यागाचे धडे देणारे आपण कोण? शिवाय हे काम आणि एआय उद्योगातली सगळ्यात वाईट कामं यांची सरमिसळ करणं प्रामाणिकपणाचं नाही. जानेवारी २०२३ मध्ये 'टाइम' नियतकालिकानं केनियातल्या कामगारांची हकीकत छापली होती. हिंसेची आणि लैंगिक अत्याचाराची वर्णनं वाचून त्यावर शेरे मारण्यासाठी त्यांना तासाला २ डॉलरपेक्षाही कमी मिळत होते. स्वतःहून निवडलेल्या, बऱ्या मोबदल्याच्या, विषयाचं ज्ञान लागणाऱ्या कामाला त्याच पंक्तीत बसवून 'शोषण, शोषण' म्हणणाऱ्यांनी त्या केनियन कामगारांचं दुःखच हलकं केलं आहे.

त्याहून बिनतोड मुद्दा दुसरा आहे. शिक्षकांनी केलं नाही तर काम थांबणार नाही, ते विषय न कळणारा कोणीतरी करेल. माणसांच्या पसंतीवरून भाषामॉडेल वळवण्याची जी पद्धत पुढे सगळीकडे रूढ झाली, तिच्यावरच्या २०२२ मधल्या गाजलेल्या संशोधनात पसंती नोंदवणारे कंत्राटी लोक सुमारे ४० होते. इतक्या थोड्या माणसांच्या आवडीनिवडीतून यंत्राची वृत्ती घडू शकते. आणि मध्यरात्री, मूल झोपत नाही, भिंतीवर डोकं आपटतं, अशा वेळी मोबाइलवर प्रश्न टाइप करणारे आईबाप आजही आहेतच. त्यांना 'कडक शिस्त लावा' असं उत्तर मिळू नये म्हणून एखाद्या विशेष शिक्षिकेनं कुठेतरी वजा गुण दिले असतील, तर तिला गद्दार म्हणायचं? त्या आईबापांना द्यायला आरोप करणाऱ्यांकडे काय आहे?

इथवर आलं की दुसरा गट खूश होऊन निघून जातो. त्यांनी जरा थांबावं, कारण ज्ञान आत गेलं हे खरं असलं तरी कोणत्या रूपात गेलं हा प्रश्न उरतोच. वस्तू फेकणाऱ्या त्या मुलाकडेच परत येऊ. एक मूल पुस्तक फेकतं कारण समोरचं काम त्याला नको असतं. दुसरं फेकतं कारण फेकल्यावर सगळे त्याच्याकडे पाहतात. बाहेरून वर्तन एकच. पहिल्याला वर्गाबाहेर काढलं तर त्याला हवं होतं तेच मिळालं, आणि उद्या तो पुन्हा फेकणार. दुसऱ्याकडे सगळ्यांनी माना वळवून, समजूत घालून लक्ष दिलं तर तोही उद्या फेकणार. कोणतं मूल कोणतं, हे वर्णन वाचून कळत नाही. वर्तनाच्या आधी काय घडलं, नंतर काय घडलं, याच्या नोंदी काही दिवस ठेवाव्या लागतात. मग तर्क बांधायचा, उपाय करून पाहायचा, पुन्हा नोंदी घ्यायच्या, आणि बरेचदा पहिला तर्क चुकला होता हे कबूल करून नव्यानं सुरुवात करायची. म्हणजे त्या प्रश्नाचं सगळ्यात प्रामाणिक उत्तर 'मूल पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही, आधी या नोंदी घ्या' हे आहे. पण दोन उत्तरं शेजारी असताना, घड्याळ चालू असताना, नीट मांडलेलं, आत्मविश्वासानं भरलेलं, पाच उपाय सांगणारं उत्तरच बाजी मारतं. निकष भले शिक्षकानं लिहिलेले असोत, तपासायला मिळतं ते उत्तराचं रूप. परिणाम नजरेच्या टप्प्यात येतच नाही.

दुसरं अंग याहून नाजूक आहे. विशेष शिक्षणातली अर्धी कारागिरी मदत काढून घेण्यात असते. आधी हाताला धरून करून घ्यायचं, मग नुसता कोपराला स्पर्श, मग बोटानं खूण, मग काहीच नाही. मदत वेळेवर काढली नाही तर मूल त्या मदतीवर टेकून राहतं आणि ती गेली की गडबडतं. आता सांगा, एका उत्तराची उपयुक्तता मोजणाऱ्या कामात 'इथून पुढे कमी मदत कर' हे कुठे बसवायचं? ते कळतं सहा आठवड्यांनी, त्याच मुलाकडे पाहून. एप्रिल २०२५ मध्ये चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआय कंपनीला आपल्या एका मॉडेलची सुधारित आवृत्ती काही दिवसांतच मागे घ्यावी लागली, कारण ते वापरणाऱ्याची भलतीच हांजी हांजी करू लागलं होतं. कंपनीनं स्वतःच दिलेलं कारण होतं की तात्काळ मिळणाऱ्या प्रतिक्रियांना अवाजवी वजन दिलं गेलं. मोठ्या माणसाची खुशामत झाली तर फार तर हसू होतं. जे मूल अजून 'मला हे एकट्याला जमतं' हे शिकतंय, त्याच्या हातात असं यंत्र पडलं तर?

आणि मतभेदांचं काय होतं? वर उल्लेख केलेल्या २०२२ च्या संशोधनात पसंती नोंदवणाऱ्यांचं एकमेकांशी सुमारे ७३ टक्के वेळा जुळलं. असल्या कामात हा आकडा चांगला मानतात. उरलेल्या पाव हिश्श्यातला मतभेद सरासरीत विरघळून जातो. विशेष शिक्षणात नेमकं तिथूनच काम सुरू होतं. अमेरिकी कायद्यानुसार प्रत्येक मुलाचा वैयक्तिक शिक्षण आराखडा ठरवायला पालक, वर्गशिक्षक, विशेष शिक्षक, शाळेचा प्रतिनिधी असे सगळे बसतात. वर्षातून किमान एकदा तो आराखडा पुन्हा तपासावा लागतो, सामान्यतः दर तीन वर्षांनी मुलाचं मूल्यमापन नव्यानं होतं, आणि पालकांना पटलं नाही तर रीतसर सुनावणी मागता येते. २०१७ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं एका स्वमग्न मुलाच्या खटल्यात एकमतानं सांगितलं की आराखडा त्या मुलाची परिस्थिती लक्षात घेता त्याची योग्य प्रगती घडवेल असा हवा. नावापुरता फायदा पुरेसा नाही. कायदा हळूहळू वर्गवारीकडून एकेका मुलाकडे आला. रुब्रिकचा प्रवास बरोबर उलटा आहे, मुलाकडून वर्गवारीकडे.

उलट्या प्रवासाचा इतिहास विशेष शिक्षणात नाही असं नाही. पॅरिसमध्ये मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड बिने यांनी थेओडोर सिमाँ यांच्याबरोबर १९०५ साली बुद्धिमापनाची पहिली श्रेणी तयार केली ती कुणाला कमी ठरवण्यासाठी नव्हती. नेहमीच्या वर्गात मागे पडणाऱ्या आणि वेगळी मदत लागणाऱ्या मुलांना शोधणं हा तिचा हेतू होता. आजच्या भाषेत सांगायचं तर विशेष शिक्षणासाठीच बनवलेलं ते साधन. बुद्धी ही जन्मजात, न बदलणारी राशी आहे असं मानणाऱ्यांवर बिने यांनी १९०९ मध्ये कडक टीका केली आणि १९११ मध्ये ते वारले. तोवर ती श्रेणी अटलांटिक ओलांडून गेली होती. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ हेन्री गोडार्ड यांनी तिचा वापर माणसांना कायमचे शिक्के मारायला केला आणि न्यूयॉर्कजवळच्या एलिस बेटावर उतरणाऱ्या स्थलांतरितांवरही ती चालवली. ज्या विचारांना अशा मोजमापांनी बळ दिलं त्याच विचारांच्या प्रवाहात १९२७ साली अमेरिकी सर्वोच्च न्यायालयानं 'मतिमंद' ठरवलेल्या स्त्रीची सक्तीनं नसबंदी करण्याला मान्यता दिली. शाळांतला वापर तर त्यानंतरही चालूच होता. कृष्णवर्णीय मुलांना बुद्धिमापन चाचण्यांच्या आधारे मतिमंदांच्या वर्गात टाकण्याला कॅलिफोर्नियातल्या एका संघराज्य न्यायालयानं अटकाव केला तो १९७९ मध्ये.

मग बिने यांनी ती श्रेणी बनवायलाच नको होती का? मला तसं अजिबात वाटत नाही. मदतीची गरज असलेली मुलं शोधणं आवश्यकच होतं. घात झाला तो साधन त्याच्या कर्त्यापासून, हेतूपासून आणि सावधगिरीच्या सूचनांपासून सुटं होऊन फिरू लागल्यावर. आणि तरीही बिने आजच्या कंत्राटी शिक्षकापेक्षा सुदैवी होते. साधनावर त्यांचं नाव होतं, त्यांचा इशारा छापील होता, आणि तो दाखवून नंतरच्या लोकांना भांडता आलं. आजच्या शिक्षिकेला एखादा निकष घातक वाटला तर ती काय करणार? त्या दिवशीच्या कामाखालच्या चौकटीत दोन ओळी लिहील. त्या कोणी वाचल्या का, हे तिला कळणार नाही. बाहेर बोलली तर करारभंग.

यावर एक खोचक प्रश्न येतो, आणि तो यायलाच हवा: शिक्षकांचा शब्द इतका मोलाचा कधीपासून झाला? १८८० मध्ये मिलान इथे बधिरांच्या शिक्षकांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. १६४ प्रतिनिधींमध्ये स्वतः बधिर असलेला फक्त एक. परिषदेनं ठराव केला की बधिर मुलांना तोंडानं बोलायलाच शिकवावं, खुणांच्या भाषेपेक्षा तेच श्रेष्ठ. पुढच्या कित्येक पिढ्यांना वर्गात स्वतःची भाषा वापरायला बंदी झाली. परिषदेनं त्याबद्दल जाहीर खेद व्यक्त केला तो थेट २०१० मध्ये, व्हँकुव्हरला. आणखी जवळचं उदाहरण १९९० च्या दशकातलं. न बोलणाऱ्या मुलांचा हात धरून त्यांच्याकडून टंकलेखन करून घेण्याची पद्धत तेव्हा जोरात होती, वाक्यं वाचून पालक रडत होते. मुलाला एक चित्र आणि मदतनिसाला दुसरं दाखवून चाचणी घेतली तेव्हा उतरलेला शब्द मदतनिसानं पाहिलेल्या चित्राचा निघाला. ती माणसं लबाड नव्हती. त्यांना मनापासून वाटत होतं की मूलच बोलतंय.

हे सगळं मान्य करूनच मी म्हणतो की मागणी 'शिक्षकाला अंतिम शब्द द्या' ही असूच शकत नाही. या दोन्ही उदाहरणांत तज्ज्ञांची चूक दुरुस्त झाली ती कोणीतरी परत जाऊन पाहिलं म्हणून, आणि मिलानच्या बाबतीत ज्यांच्याबद्दल ठराव झाला त्यांनी शंभरावर वर्षं हट्ट सोडला नाही म्हणून. तज्ज्ञाचा सद्भाव जितका खरा तितकी फेरतपासणीची गरज जास्त. आजची व्यवस्था सद्भाव विकत घेते आणि फेरतपासणी कंपनीच्या दाराआड ठेवते. स्वतः स्वमग्न असलेली, किंवा लहानपणी विशेष वर्गात शिकलेली प्रौढ माणसं त्या टेबलावर कुठे आहेत, हे तर कोणी विचारतही नाही.

एका गोष्टीवर मात्र मी शिक्षकांच्याही बाजूनं नाही. 'तुमच्या अनुभवातलं खरं उदाहरण द्या' म्हटल्यावर शिक्षक जे देतो ते त्याचं एकट्याचं नसतं. नाव काढलं, गाव काढलं, ठीक. पण विशेष शिक्षणात संख्या लहान असते. दुर्मिळ आजार, वय, संवादासाठी वापरायचं उपकरण, धाकट्या बहिणीचा उल्लेख, एवढ्यावर त्या मुलाची आई दुसऱ्या ओळीतच आपलं मूल ओळखेल. अमेरिकेत शाळेतल्या नोंदींना १९७४ पासून कायद्याचं संरक्षण आहे. शिक्षकाच्या आठवणीतून रात्री घरच्या संगणकावर उतरलेल्या परिच्छेदावर लक्ष कोण ठेवणार? ज्या पालकांना कायद्यानं दिवसा चर्चेच्या टेबलावर खुर्ची दिली आहे, त्यांना रात्रीच्या या व्यवहाराचा पत्ताही नसतो. 'डॉक्टर नाही का रुग्णांची प्रकरणं छापत?' छापतात, रुग्णाची संमती घेण्याची रीत पाळून, स्वतःच्या नावानं, कोणीही खोडून काढावं अशा जागी. सध्या आपल्या हाताखाली शिकणाऱ्या मुलाचं प्रकरण या कामात वापरू नये, मग मोबदला काही असो.

राहिली नोकरी जाण्याची भीती. कारखान्यांतल्या कामाचं शास्त्र मांडणारे अमेरिकी अभियंते फ्रेडरिक टेलर यांनी १९११ मध्ये उघडच लिहिलं होतं की कामगारांच्या अंगी असलेलं परंपरागत ज्ञान व्यवस्थापनानं गोळा करावं आणि त्याचे नियम बनवावेत. तेव्हा ही भीती खुळी नाही. फक्त तिची दिशा चुकते. विशेष शिक्षकाच्या जागी यंत्र बसवायचा आदेश कोणी काढणार नाही; 'आता आराखडे झटपट लिहून होतात, तर आणखी पाच मुलं घ्या' असा आदेश निघेल. कागदकामाचा बोजा हलका झाला तर मला आनंदच आहे, त्या फॉर्मांसाठी कोणी अश्रू ढाळणार नाही. वाचलेला तास मुलाला मिळणार की आस्थापनेला, हे मात्र शिक्षक आणि मुलं यांचं प्रमाण ठरवणाऱ्या नियमांनी ठरतं. ती लढाई वेगळी आहे आणि जुनी आहे.

कंत्राटी कामाच्या अटींबद्दल जगात काहीच हालचाल नाही असंही नाही. युरोपीय संघानं २०२४ मध्ये ऑनलाइन मंचांवरून मिळणाऱ्या कामाबद्दल निर्देश काढला. खातं बंद करण्यासारखा निर्णय यंत्रणेनं घेतला तर त्याचं कारण मागण्याचा आणि माणसाकडून फेरविचार करून घेण्याचा हक्क त्यात आहे. हे हवंच. पण त्यात कामगाराचं काय झालं याचा विचार आहे, त्यानं दिलेल्या मताचं काय झालं याचा नाही. विशेष शिक्षकांनी एक पायरी पुढे जाऊन मागायला हवं. आपलं काम मुलांच्या हाती पडणाऱ्या साधनात जाणार का, हे आधी कळावं. 'पाहिल्याशिवाय सांगता येत नाही' हे उत्तर निकषांत बरोबर धरलं जावं आणि त्याचेही पूर्ण पैसे मिळावेत. मॉडेल बाहेर आल्यावर त्याच शिक्षकांना ठरावीक काळानं पुन्हा बोलावून त्याची आजची उत्तरं दाखवावीत, आणि त्यांचे आक्षेप त्यांची इच्छा असेल तर त्यांच्या नावानं प्रसिद्ध व्हावेत.

कंपन्या म्हणतील, इतक्या मतांचा माग ठेवणं शक्य नाही. कंत्राटदारानं किती मिनिटं काम केलं याचा जी यंत्रणा चोख हिशेब ठेवते, तिच्या तोंडी हे शोभत नाही. गर्भवतींनी घेतलेल्या थॅलिडोमाइड या औषधानं हजारो अर्भकांचे हातपाय हिरावले, त्यानंतर १९६२ मध्ये अमेरिकेत औषधकायदा कडक झाला आणि विक्री सुरू झाल्यावर दिसलेले दुष्परिणाम कळवणं उत्पादकांवर बंधनकारक झालं. तोवर त्यांनाही ते अवघडच वाटत असणार.

एकटा कंत्राटी शिक्षक हे पदरात पाडून घेऊ शकत नाही. नकार दिला की त्याच्या खात्यात काम येणं बंद होतं आणि दुसरा कोणी ते उचलतो. जोर लावायची जागा दुसरीकडे, खरेदीच्या टेबलावर आहे. या मॉडेलांवर बेतलेली साधनं शेवटी शाळा आणि शिक्षण मंडळंच विकत घेतात. निविदेतच विचारता येईल: अपंगत्वाशी संबंधित उत्तरं कोणी तपासली? त्यांना 'सांगता येत नाही' म्हणायची मुभा होती का? बाजारात आल्यावर त्यांनी ते पुन्हा पाहिलं का? तपासणाऱ्यांत स्वतः अपंग असलेले किती होते? यांपैकी कशालाही 'गोपनीय' असं उत्तर आलं तर खरेदी थांबवावी, आणि तसा नियम व्हावा म्हणून शिक्षक संघटनांनी आत्ताच अर्ज द्यावा, कारण एकदा करार झाला की तो बहुधा अनेक वर्षांचा असतो.